लाडू वळायला घरात कोण आहे?

जुलैतली दुपार. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कशेळ्याच्या अलीकडच्या एका खाचरात सात बाया वाकून भात लावत होत्या. पावसाने तासाभराची उघडीप दिली होती. डोक्यावरून पाठीवर सोडलेले प्लास्टिकचे कागद तसेच होते. त्यातली एक जण हातातली रोपांची मूठ टाकून उठली, चिखलातून बांधावर आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. पोलकं वर करून तिने हाताने दूध पिळायला सुरुवात केली. छाती दगडासारखी झाली होती, ठणकत होती. दूध बांधावरच्या गवतावर पडत होतं. दोन-तीन मिनिटांत हलकं वाटल्यावर तिने पदर नीट केला आणि पुन्हा खाचरात उतरली. तिचं अडीच महिन्यांचं बाळ वर वाडीत होतं, चाळीस मिनिटांच्या चढावर, नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या मांडीवर.

त्याच दिवशी सकाळी मी त्या वाडीत होते. तिच्या सासूने मला विचारलं होतं, “ताई, सुनेला दूध पुरत नाही. पोर दिवसभर रडतं. काय घालू तिला खायला म्हणजे दूध येल?” आणि पोराला दुपारी काय देता, असं मी विचारल्यावर मान खाली घालून म्हणाली, “बिस्किट. पाण्यात कालवून.”

सकाळी ज्या घरात दूध पुरत नव्हतं, त्याच घराचं दूध दुपारी बांधावर सांडत होतं. बाळंतिणीच्या आहाराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या दोन गोष्टींच्या मधे आहे.

आपल्याकडे बाळंतीण आणि दूध हे शब्द एकत्र आले की पुढचा शब्द खाण्याचाच येतो. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, खसखस, खारीक-खोबरं, शतावरी कल्प. कोकणपट्टीत मोरीचं कालवण, मुडदुशी. घाटाखालच्या वाड्यांमध्ये नाचणीची पेज आणि सुकट. प्रत्येक घरात एक आजी असते आणि तिची एक खात्रीची यादी असते. या सगळ्यामागे एक समजूत आहे, इतकी खोल की ती समजूत आहे हेही आपल्या लक्षात येत नाही: आई हे भांडं आहे, वरून अन्न घातलं की खालून दूध येतं, आणि दूध कमी आलं तर वरून घालण्यात काहीतरी चुकलं. मला ही समजूत चुकीची वाटते. ती निरुपद्रवी आहे असंही मला वाटत नाही.

दूध तयार होण्याची गोष्ट आधी सांगते. बाळंतपणानंतर वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध बनवण्याचं काम सुरू होतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, मग दूध भरतं. इथपर्यंतचं काम शरीर आपलं आपण करतं. पुढचं काम बाळाच्या तोंडावर आहे. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं आणि ऑक्सिटोसिन बनलेलं दूध पुढे ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. शिवाय स्तनाचा स्वतःचा एक हिशोब असतो. रिकामा झाला की तो वेगाने भरतो, तुंबून राहिला की बनवणंच कमी करतो. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तो तुंबलेला राहिला, तर आठ-पंधरा दिवसांत शरीर समजतं की दिवसाच्या दुधाला गिऱ्हाईक नाही, आणि तेवढं दूध खरोखरच कमी होतं. मग सासूची तक्रार खरी ठरते. दूध आटलेलं असतं, पण पेज कमी पडली म्हणून नाही.

आईचं खाणं आणि दुधाचं माप यांचा संबंध तपासला गेलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथे पावसाळ्यात काम सर्वांत जास्त आणि धान्य सर्वांत कमी असतं, अगदी आपल्या वाड्यांसारखं. १९८० च्या आसपास अँड्र्यू प्रेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अंगावर पाजणाऱ्या बायांना रोज सुमारे सातशे कॅलरी जादा मिळतील अशी बिस्किटं महिनोनमहिने खाऊ घातली आणि दुधाचं माप घेतलं. माप वाढलं नाही. बायांच्या अंगावर मात्र थोडं वजन आलं. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, आपल्याकडे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन यांनी गरीब घरांतल्या बायांच्या दुधाचा अभ्यास केला होता. ज्यांच्या ताटात भाताखेरीज फारसं काही नव्हतं, त्या बायाही बाळाला महिनोनमहिने पुरेसं दूध देत होत्या. अगदी उपासमार असेल, आईची हाडं दिसायला लागली असतील, तर दूध कमी होतं. तिच्या अलीकडे माप सहसा हलत नाही.

हे वाचून कुणाला हायसं वाटेल. मला वाटत नाही. बाळ साधारण पाऊण लिटर दूध रोज पितं. त्यात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्या कुठून तरी याव्या लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्त हवीत. ती ताटातून आली नाहीत तर शरीर थांबत नाही. तिच्या मांडीवरची, दंडावरची चरबी घेतं, हाडांमधला चुना घेतं, आणि बाळाला देतं. दुधातला कॅल्शियम आई काय खाते यावर ठरत नाही. तिच्याकडे नसला तरी बाळाला मिळतो. गरीब बाईचं दूध टिकतं ते तिला झिजवून टिकतं. म्हणून “काय खाल्लं की दूध वाढेल?” हा प्रश्न मला आतून दुखवतो. तिला खायला हवं कारण तिला भूक लागली आहे. त्यासाठी दुसरं कारण शोधावं लागावं, याचं वाईट वाटतं.

आणि तरीही आहाराचा दुधाशी काहीच संबंध नाही असं म्हणणं खोटं ठरेल. माप हलत नसलं तरी कस हलतो. जीवनसत्त्व अ, ब१, ब२, ब१२ आणि आयोडीन ही दुधात किती उतरतील ते आईच्या ताटावर ठरतं. नुसत्या पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या बायांच्या तान्ह्या बाळांना ब१ च्या कमतरतेने बेरीबेरी होऊन ती दगावल्याची उदाहरणं आशियातल्या भातखाऊ मुलखांनी पाहिली आहेत. कर्जत हा भाताचाच मुलूख. भातसंशोधनाचं केंद्र इथे शंभरहून अधिक वर्षं आहे, आणि कर्जतचं नाव लावलेल्या भाताच्या जाती राज्यभर पेरल्या जातात. घरचं, उखळात किंवा साध्या गिरणीत सडलेलं लालसर भात खाणाऱ्या घरांत कोंड्याबरोबर ब१ पोटात जायचं. आता रेशनचा पांढरा तांदूळ आला. भूक भागली, पण कोंडा गेला.

इथे बाळंतिणीच्या पथ्याबद्दल बोललं पाहिजे. कर्जत-खालापुरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांचं रोजचं जेवण, मिळतं तेव्हा, पुस्तकातल्या चौरस आहाराच्या फार जवळ असतं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, कंटोळी. ओढ्यातली चिंबोरी आणि मासे, आठवडी बाजारातली सुकट, हिवाळ्यात वाल, अंगणातल्या शेवग्याचा पाला. सुकट आणि चिंबोऱ्यांत ब१२ आहे, जे शाकाहारी शहरी घरांतल्या बाळंतिणीला गोळीतून घ्यावं लागतं. पाल्यात अ जीवनसत्त्व आहे. पण बाई बाळंत झाली की नेमकं हेच तिच्या ताटातून काढून घेतलं जातं. पालेभाजीने बाळाला हगवण लागेल, माशाने जखम चिघळेल, डाळीने वारा धरेल. उरतं काय? भात, मीठ, लसणाची चटणी, पेज. पाणीसुद्धा मोजून. (पाणी जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही हे खरं, पण पाजणाऱ्या बाईला तहान लागते आणि तहानेला पाणी द्यायलाच हवं.) ज्या दिवसांत शरीराला सर्वांत जास्त लागतं त्या दिवसांत ताट सर्वांत रिकामं. परंपरेचा मला आदर आहे, पण हे पथ्य मोडायला हवं. अंगणवाडीच्या सरकारी पाकिटाआधी घरातल्या टोपल्यातली सुकट तिच्या ताटात पडायला हवी.

पण त्याच परंपरेत एक गोष्ट अशी आहे जी आपण पुरती ओळखलेली नाही. ती म्हणजे सव्वा महिना.

डिंकाचा लाडू बाळंतिणीच्या हातात येतो तेव्हा त्याच्यामागे काय काय झालेलं असतं ते पाहा. कुणीतरी बाजारातून डिंक, खारीक, खोबरं आणलेलं असतं. कुणीतरी डिंक तुपात फुलवलेला असतो, खोबरं किसलेलं असतं, गुळाचा पाक चाखून पाहिलेला असतो. म्हणजे घरात आणखी एक बाई आहे आणि तिला दुसऱ्या कामातून इतकी सवड आहे. बाळंतीण माहेरी आहे, अंधाऱ्या खोलीत शेक घेत पडली आहे. तिला चूल नाही, पाणी भरणं नाही, शेत नाही. चाळीस दिवस बाळ तिच्या कुशीत, हवं तेव्हा अंगावर. यात दूध येणारच. श्रेय मात्र मेथीला मिळतं. मेथी आणि शतावरीवर काही छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हळिवात लोह भरपूर आहे आणि रक्त गेलेल्या बाईला ते हवंच, तेव्हा खीर जरूर द्यावी. पण त्या खिरीतून दूध आलं असं म्हणताना आपण ती करून देणाऱ्या हातांना विसरतो, आणि त्या चाळीस दिवसांनाही.

आपल्या जुन्या वैद्यांना हे दिसलं होतं. चरकाने दूध आणणाऱ्या दहा वनस्पतींचा गण सांगितला आहे. त्यात शाली आणि षष्टिक हे दोन भात आहेत, बाकी बहुतेक दर्भ-कुशासारखी गवतं आहेत. शतावरी त्या दहांत नाही. सुश्रुत तर दूध वाहण्याचं कारण सांगताना ताटाकडे वळतच नाही. बाळाचा स्पर्श, त्याचं दर्शन, त्याची आठवण यांनी दूध पाझरतं आणि माया हेच त्याचं कारण, असं त्याने म्हटलं आहे. राग, शोक आणि मायेचा अभाव यांनी ते आटतं, असंही. “काळजीने दूध आटलं” असं वाडीतली म्हातारी म्हणते तेव्हा ती हेच सांगते. भीतीत, दुखण्यात, चिंतेत ऑक्सिटोसिन अडतं; दूध आत असतं पण उतरत नाही.

आता हे चाळीस दिवस कुणाला मिळतात?

कातकरी घरांचं वर्ष पाहा. महाराष्ट्रातल्या अतिमागास म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात लावणी, नंतर कापणी. दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळसा भट्टीवर. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती जोडप्याच्या नावावर असते. नवरा-बायको दोघांनी मिळून विटा पाडायच्या, तेव्हा ती फिटते. बायको बाळंत झाली म्हणून उचल थांबत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी ती चिखलापाशी असते. भट्टीवर बाळ निदान शंभर पावलांवर असतं, बांबूला बांधलेल्या झोळीत, आणि म्हणून भट्टीवरच्या कित्येक बायांचं दूध टिकतं. धूळ आणि धूर बाळाच्या छातीत जातो, ते वेगळं. वाडीतून खाली कामाला उतरणाऱ्या बाईला तेवढी जवळीकही नाही. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, मदतीला निघालेल्यांना डोंगर पायी चढून जावं लागलं, तेव्हा रस्ता नसलेली वाडी म्हणजे काय ते महाराष्ट्राने पाहिलं. अशाच पायवाटांनी ठाकर बाया रोज कामाला उतरतात आणि संध्याकाळी चढतात. या चढउताराचा हिशोब बाळाच्या दुधात लागतो.

वाडीच्या बाहेरही हेच आहे. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट आणि पॅकिंग करणाऱ्या बाया आहेत. कर्जत-नेरळच्या फार्महाऊसांवर शनिवार-रविवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत भांडी घासणाऱ्या आहेत. कर्जतहून पहाटेची लोकल पकडून दोन तास प्रवास करत मुंबई गाठणाऱ्या लिपिक, परिचारिका, शिक्षिका आहेत. त्या लोकलच्या महिला डब्यात कल्याण सोडल्यावर पर्समधून दुसरं पोलकं काढणारी बाई मी पाहिली आहे. तिला हळीव मिळतो, बदाम मिळतात, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मिळतात. तिचं दूध आणि बांधावरच्या बाईचं दूध एकाच कारणाने आटतं.

हे कारण आपल्या कायद्याला ठाऊक नव्हतं असं नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तिचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ चा मुंबईचा कायदा त्यातून झाला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजायला दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. पण खाचराला हजेरीपट नाही, फार्महाऊसवर पन्नास माणसं नाहीत, आणि भट्टीच्या मालकाकडे कागद आहे तो फक्त उचलीचा.

त्यांच्यासाठी काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान सहा हजार रुपये, असा हक्क लिहून दिला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पाच हजारांना सहा महिन्यांनी भागलं तर महिन्याला ८३३ रुपये होतात. लावणीच्या ऐन हंगामात मजूर बाई इतक्या पैशांवर घरी बसेल, असं ज्यांना वाटलं त्यांनी खाचरात उतरून पाहिलेलं नाही. अंगणवाडीच्या घरपोच पाकिटात रोजच्या ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असावीत, असं त्याच २०१३ च्या कायद्यात ठरलं होतं. वाडीत पाकीट फुटतं ते सगळ्या घरासाठी फुटतं. चार पोरं बघत असताना आई एकटी खात नाही. म्हणूनच २०१५ मध्ये राज्याने आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना काढली, तेव्हा बाईने अंगणवाडीत येऊन गरम जेवण जेवायचं ही त्यातली कल्पना मला सर्वांत शहाणपणाची वाटली. ताट तिच्या समोर, ती मांडी घालून बसलेली, आणि वाटेकरी कुणी नाही.

“ताई, तुम्ही म्हणता खाण्याने दूध वाढत नाही. हे वरच्यांनी ऐकलं तर आमची पाकिटंसुद्धा बंद करतील,” असं एका अंगणवाडी सेविकेने मला सुनावलं होतं. तिची भीती खोटी नाही. पण मला वाटतं, धोका उलट बाजूला जास्त आहे. बाळाच्या दुधासाठी म्हणून आईला अन्न द्यायचं ठरलं, तर दूध येतंय ना मग अन्न कशाला, असा प्रश्न कधीतरी कुणी विचारणारच, आणि अभ्यास त्याच्या बाजूने बोलतील. ती स्वतः माणूस आहे, तिच्या शरीरातून रोज पाऊण लिटर दूध जातं आहे आणि ते भरून काढायला हवं, या पायावर तिचा हक्क उभा केला तर तो कुणाला हलवता येणार नाही. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायांचं रक्त कमी भरलं. दुधाचा विषय बाजूला ठेवला तरी या आकड्याला अन्न हेच उत्तर आहे.

ताटावर सगळा भर दिल्याचा दुसरा तोटा डबा. खाऊ घालूनही दूध “पुरत नाही” म्हटलं की पुढचा मुक्काम पावडरीचा डबा असतो. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात तिसऱ्या दिवशी, एका खासगी दवाखान्यात, रात्रपाळीच्या परिचारिकेने माझी छाती दाबून पाहिली आणि “तुम्हाला काही उतरत नाहीये, वरचं सुरू करू” असं सांगून अर्ध्या तासात बाटली आणली. मी शिकलेली होते, वाचलेलं होतं, आणि तरी मी रडत ती बाटली धरली. पहिल्या दिवशी नवजात बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर चीक मावतो, तेवढाच त्याला लागतो, आणि दूध भरायला दोन-तीन दिवस जातात, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. माझ्या आईने चौथ्या दिवशी बाटली उचलून ठेवली, बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. कुणाला आत येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी पान्हा असा फुटला की दुपटी भिजली.

पावडरीच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ती यायला त्या काळच्या डॉक्टरांनी मोठा लढा दिला. अंगावरच्या दुधासाठी काम करणारं देशव्यापी जाळं १९९१ मध्ये वर्ध्यातच उभं राहिलं. आणि कर्जतच्या लोकलने जाता येईल अशा शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या आयांचं दूध मिळावं म्हणून. जी गोष्ट पेढीत जपून ठेवण्याइतकी मोलाची आहे, ती बांधावरच्या गवतात जिरते तेव्हा मला तो डोळ्यांदेखत झालेला अन्याय वाटतो.

काही बायांना खरंच दूध कमी येतं. बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइडचं दुखणं असतं, स्तनावर शस्त्रक्रिया झालेली असते. त्यांना डॉक्टर हवेत आणि वरचं दूधही हवं, आणि त्यांना कुणी अपराधी वाटू देऊ नये. पण अशा बाया थोड्या. बाकीच्यांच्या बाबतीत बाळ रडलं म्हणजे दूध कमी, महिन्याभराने छाती मऊ लागली म्हणजे दूध आटलं, एवढ्यावरच निकाल दिला जातो. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओले करतंय का आणि वजन धरतंय का, हे कुणी पाहत नाही. आशा सेविकांच्या हातात वजनाचा काटा असतो. तो प्रत्येक घरात पाककृतीच्या आधी निघायला हवा.

त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा वाडीत चढले. सून माझ्या आधी पोचली होती. पाय न धुताच ती ओट्यावर बसली होती आणि बाळ असं ओढत होतं की त्याच्या कानाच्या पाळ्या हलताना दिसत होत्या. घोटाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. दुसऱ्या बाजूचं दूध आपोआप गळून तिच्या लुगड्यावर पडत होतं. सासू बघत होती.

मी म्हटलं, “मावशी, दूध आहे तिला. भरपूर आहे. तुम्ही सगळे खाता तेच तिला द्या. पाला, सुकट, वालाचं बिरडं, काही वर्ज्य नाही. फक्त पोटभर द्या, सगळ्यांच्या आधी वाढा. आणि लावणी आहे तोवर दुपारी बाळाला बांधावर न्या. एकदा जरी पाजलं तरी फरक पडेल. बिस्किट बंद करा.”

तिने ऐकून घेतलं. सुकटीचं तिला पटलं असावं, कारण तिने लगेच आत जाऊन टोपलं खाली घेतलं. मग दारात उभी राहून म्हणाली, “मला तर उतरवत नाही, गुडघे धरलेत. पोरीलाच न्यायला लागल.” थोरली नात कोपऱ्यात पाटी-दप्तर आवरत होती. लावणी सुरू झाल्यापासून ते दप्तर तसंच पडून होतं.

“मग हिची शाळा?” म्हातारीने विचारलं.

पोरगी दप्तराचा बंद हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.